इंटरसेप्टरवर ९५ हजारांचं काम केलं: पार्ट, लेबर, ट्यूनिंग, यातलं काय वसूल झालं

आधी आकडाच सांगतो, कारण सगळे शेवटी तोच शोधत असतात. ९५,२२० रुपये. गाडी रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५०, २०१९ ची. पॉवरचं काम केलं, सस्पेन्शनचं केलं, पुढचे ब्रेक पॅड बदलले, इंजिन उघडलेलं नाही. यातले ७४,९०० पार्टचे, १६,५०० लेबरचे, त्या लेबरवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,९७०, आणि 'कन्झ्युमेबल्स' नावाच्या एका गूढ ओळीचे ८५०. शॉप पिंपरी-चिंचवड साइडचं, एमआयडीसीतला गाळा. नाव लिहीत नाही कारण पुढे त्यांच्याबद्दल थोडं कडू पण येणार आहे आणि मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. नावाशिवाय पण हा रिव्ह्यू उपयोगी पडेल, कारण थोड्याफार फरकाने सगळ्या परफॉर्मन्स शॉपची बिलं अशीच असतात.

एवढे पैसे जुन्या गाडीत का घातले? एक म्हणजे ३ वर्षांची वॉरंटी कधीच संपली होती, त्यामुळे वॉरंटी जाईल ही भीती नाही. दुसरं म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागला, आधी सेस धरून ३१ होता. मोठी गाडी घ्यायचा विचार चालू होता तो तिथेच बारगळला, म्हटलं आहे तीच नीट करू. गंमत म्हणजे त्याच दिवसापासून स्पेअर पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. म्हणजे सरकार पण म्हणतंय, नवी घेऊ नका, जुनीच रिपेर करा.

आधी दोनतीन ठिकाणी फिरून भाव काढले. नाना पेठेत गेलो, तिथे स्लिप-ऑन, म्हणजे जुन्या पाइपवरच सरकवून लावायचा सायलेन्सर, बसवायचे तीनशे रुपये म्हणाला, दहा मिनिटांत लावून देतो दादा, चहा होईपर्यंत. आणि खरं बोलत होता, बोल्ट-ऑन सायलेन्सरला फार काही लागत नाही. फक्त त्याच्याकडचा सायलेन्सर म्हणजे दिल्लीच्या करोल बाग लाइनीतला, मोठ्या ब्रँडचा लोगो चिकटवलेली कॉपी. दुसऱ्या एका ठिकाणी 'स्टेज १' असं पॅकेज होतं, सायलेन्सर, फिल्टर, पिगीबॅक (पेट्रोल कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) मिळून ६५ हजार, 'लेबर फ्री'. त्याला विचारलं डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनवर, ट्यून करणार का, तर म्हणाला गरजच नाही, मॅप (पेट्रोलचं सेटिंग) लोड होऊनच येतो. तिसरं हे शॉप. इथे लेबर वेगळं लिहिलेलं आणि प्रत्येक कामाचं वेगळं, ते बघून पहिल्यांदा मी पण दचकलो. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, कामाचे तीन हजार? स्प्रिंगच तर बदलायची आहे!

आपल्याकडे हे फार आहे. १८ हजारांचा सायलेन्सर आपण हूं की चूं न करता घेतो, कारण तो हातात धरता येतो, चकाकतो, त्याचा फोटो टाकता येतो. आणि बसवणाऱ्याने हजार मागितले की घासाघीस सुरू, 'अहो दोन बोल्ट तर आहेत'. माझ्या बिलात लेबर जीएसटी धरून साधारण पाचवा हिस्सा होतं आणि काम झाल्यावर मी ठामपणे सांगतो की मला या बिलातलं सगळ्यात स्वस्त काय पडलं असेल तर ते लेबर. सगळ्यात महाग पडला सायलेन्सर.

आता बिल एकेक करून. पॉवरवाल्या भागात स्लिप-ऑनची जोडी १८,५००, इंडियन मेक, स्टेनलेस, डीबी किलर (आवाज कमी करणारा आतला तुकडा) सकट. एअर फिल्टर इम्पोर्टेड, धुऊन परत वापरायचा, ६,२००. पिगीबॅक १७,८००. बसवायचं लेबर स्लिप-ऑनला १,०००, फिल्टर आणि पिगीबॅकचं वायरिंग मिळून ३,५००, आणि डायनो ट्यूनिंगचे ६,०००. जीएसटी धरून हा सगळा भाग ५४,८९० ला गेला.

पिगीबॅक म्हणजे काय ते थोडक्यात, कारण शॉपवाले हे इतकं गोल गोल सांगतात. कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, तसाच राहतो, हा डबा ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसतो आणि पेट्रोल किती वेळ सोडायचं ते थोडं वरखाली करतो, काही मॉडेल इग्निशनचं टायमिंग पण बदलतात. म्हणजे डबा बसवला म्हणजे पॉवर आली असं काही नसतं, थ्रॉटल किती उघडल्यावर आणि किती आरपीएमला किती पेट्रोल हे कोणीतरी तुमच्या गाडीवर बसून भरावं लागतं. तो भरलेला तक्ता म्हणजे मॅप. डब्यासोबत जो तयार मॅप येतो तो कोणाच्या तरी दुसऱ्याच गाडीवर, दुसऱ्याच सायलेन्सरवर, दुसऱ्याच हवेत बनवलेला असतो. चालतो. पण ठीकठाक चालतो, बस.

या शॉपमध्ये डायनो होता आणि समोर उभं राहून बघू देतात, हे मला फार आवडलं. मागचं चाक रोलरवर, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेली, समोर मोठा पंखा, सायलेन्सरमध्ये वाइडबँड सेन्सरची नळी. पहिला रन स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशा, गाडीचा घ्यायला लावला मी, आणि हे तुम्ही पण करा, नाहीतर 'नंतर'चा आकडा कशाशी ताडून बघणार? स्टॉक आला ४०.३ हॉर्सपॉवर, मागच्या चाकावर. कंपनी ४७ सांगते तो क्रँकचा, म्हणजे थेट इंजिनावरचा, आकडा असतो, गिअरबॉक्स, चेन, टायर यात बाकीचा जातो, म्हणजे गाडी खराब आहे असं नाही. मग फिल्टर आणि पिगीबॅक लावून, सायलेन्सर कंपनीचेच ठेवून ट्यून केलं: ४१.७. मग स्लिप-ऑन लावून परत ट्यून: ४२.९. ट्यून करणारा पोरगा तिशीच्या आतला, बोलायला एकदम कमी, पण स्क्रीनवर एअर-फ्युएलचा, म्हणजे हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा, आकडा बघत प्रत्येक थ्रॉटलला गाडी धरून ठेवायचा, मग दोन बटणं दाबायचा, परत धरायचा. फुल थ्रॉटलला १३ च्या आसपास आणून ठेवलं. मध्ये मध्ये इंजिन गार होऊ द्यायला थांबायचं. अर्धा दिवस यातच गेला आणि या अर्ध्या दिवसाचे ६,००० त्याने घेतले, त्यात मशीनचं भाडं पण आलं. एमआयडीसीत एवढ्या वेळाला सीएनसीवाला काय घेतो ते माहीत असलेल्याला हे जास्त वाटणारच नाही.

तर हिशोब करा. ५४,८९० रुपयांत २.६ हॉर्सपॉवर. म्हणजे एक घोडा २१ हजारांना पडला! जनावरांच्या बाजारात खरा मिळाला असता. आणि सायलेन्सरचा वाटा त्यातला फक्त १.२, बाकी सगळं ट्यूनिंग आणि फिल्टरचं. कारण सोपं आहे, स्लिप-ऑन म्हणजे फक्त शेवटचा डबा बदलतो, इंजिनातून निघणारे बेंड पाइप तेच राहतात, आणि मुळात हे इंजिन कंपनीने मुद्दाम निवांत ठेवलेलं आहे, ९.५ चं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा-पेट्रोल किती दाबतो ते), आणि ते श्वास हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, घेतं, सायलेन्सरमधून नाही. ज्याला खरी पॉवर पाहिजे त्याच्यासाठी ८६५ सीसीचं बिग बोअर किट, म्हणजे मोठे सिलिंडर-पिस्टन, असतं, शॉपच्या मालकाने मला त्याचे फोटो दाखवले पण लगेच स्वतःच म्हणाला, 'सर, तुमच्या वापराला नको, आणि आरसीवर सीसी लिहिलेला असतो'. हे त्याने सांगितलं याचे मार्क देतो. दुसऱ्याने गिऱ्हाईक सोडलं नसतं.

हॉर्सपॉवरचा आकडा सोडा, रोजच्या चालवण्यात फरक पडला का? पडला, पण जाहिरातीत सांगतात तो नाही. आधी ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला थ्रॉटल हलकं उघडलं की एक बारीक झटका यायचा, तो गेला. चांदणी चौकाच्या गर्दीत आता क्लच कमी दाबावा लागतो. बाणेरच्या चढावर गाडी कमी आरपीएमला ओढते, खालच्या गिअरला यायची गरज कमी पडते. हे सगळं ट्यूनिंगचं काम. वरच्या आरपीएमला थोडी जास्त धावते असं वाटतं, ते पण मला डायनोचा कागद माहीत आहे म्हणून वाटतंय का ते देवाला ठाऊक. मायलेज २६ चं २४ झालं. १३.७ लिटरची टाकी, त्यामुळे लांबच्या राइडला हे जाणवतं.

आणि आवाज. २७० डिग्रीचा क्रँक आहे, या इंजिनाला सुंदर आवाज आहे, तो स्लिप-ऑनमधून खरंच मस्त येतो, खोटं कशाला बोलू. पण ती जोडी आता माळ्यावर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेनंतर गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर दर बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं लिहिलेलं आहे. आवाजाचं आणि धुराचं कलम वेगळं, त्यात १०,००० पर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. पुणे पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेत. शॉपने बिलावर शिक्का मारलाय, 'फक्त ट्रॅकवर वापरण्यासाठी'. म्हणजे पकडलं तर जबाबदारी आपली, त्यांची नाही. हे बिल देताना सांगितलं, ऑर्डर घेताना नाही, आणि हे मला अजिबात पटलं नाही. नशीब की पिगीबॅकमध्ये दोन मॅप ठेवता येतात आणि त्या पोराने स्टॉक सायलेन्सरचा मॅप पण सेव्ह करून दिला होता, मी न सांगता. आता गाडी त्याच मॅपवर चालते, ४१.७ वाल्या. इन्शुरन्सवाल्याला पण असले बदल कळवावे लागतात, नाहीतर क्लेमच्या वेळी तो बोट दाखवायला मोकळा, हे पण शॉपवाले कोणी सांगत नाहीत.

आता जो भाग मी दहापैकी दहा देईन तो. सस्पेन्शन.

इंटरसेप्टरची चॅसी चांगली आहे, हॅरिस परफॉर्मन्स या ब्रिटिश कंपनीच्या लोकांनी त्यात काम केलंय, आणि ती कंपनी २०१५ पासून एनफिल्डचीच आहे. इतक्या चांगल्या चॅसीला कंपनीने साधं सस्पेन्शन लावलं. पुढे ४१ एमएमचा फोर्क, ११० एमएमचा ट्रॅव्हल (वरखाली व्हायची जागा), ॲडजस्टमेंट काहीच नाही. मागे दोन शॉकॲब्सॉर्बर, ट्रॅव्हल फक्त ८८ एमएम, त्याला फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते सेटिंग. एकटा माणूस असेल, रस्ता चांगला असेल तर ठीक. मी ८६ किलो, मागे बायको, वर बॅग, आणि रस्ता भोरचा. प्रत्येक खड्ड्याला मागून धाडकन आवाज आणि पाठोपाठ ही म्हणणार, 'अहो, सांगा तरी आधी खड्डा आला म्हणून!' आणि ब्रेक मारला की पुढची बाजू इतकी खाली बसायची की खंबाटकीच्या उतारावर वळणात ब्रेक धरायची भीती वाटायची.

पार्ट: फोर्कच्या प्रोग्रेसिव्ह (दाबत जाऊ तशा कडक होणाऱ्या) स्प्रिंगा ७,४००, फोर्क ऑइल १,४००, मागचे शॉक जोडी २१,०००, पुढचे सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) ब्रेक पॅड २,६००. लेबर: फोर्कचे ३,०००, शॉकचे १,०००, पॅडचे ५००, आणि सॅग (वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते) सेट करायचे १,५००. जीएसटीसकट ३९,४८०.

फोर्कच्या त्या तीन हजारांवर मी आधी कुरकुर केली होती, मग समोर बसून काम बघितलं. वरची टोपी उघडून जुनी स्प्रिंग काढून नवी टाकणारे पण आहेत आणि ते हजारात करतात. यांनी पुढचं चाक काढलं, ब्रेकचं कॅलिपर सोडून वायरने टांगलं म्हणजे ब्रेकच्या होजवर ओढ यायला नको, मडगार्ड काढलं, फोर्कचे दोन्ही पाय, म्हणजे नळ्या, खाली उतरवले, जुनं ऑइल उलटं करून सगळं काढलं. ते ऑइल काळं-करडं झालेलं, वास येणारं, गाडी घेतल्यापासूनचं. सर्व्हिस सेंटरने इतक्या वर्षांत कधी विषयच काढला नव्हता. मग नवीन ऑइल भरून, पाय हळूहळू पंप करून आतली हवा काढली, आणि ऑइलची पातळी वरच्या कडेपासून एमएममध्ये मोजली, दोन्ही पायांत सारखी. एका बाजूला दोन एमएम जास्त निघालं तर सिरिंजने ओढून काढलं. परत जोडताना एक्सल ढिला ठेवून फोर्क चारपाच वेळा दाबला, मग आवळला, म्हणजे पाय तिरके अडकत नाहीत. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने. हे मी घरी करू शकलो नसतो, माझ्याकडे स्टँड पण नाही आणि एवढा धीर पण नाही.

सॅगचं मला आधी वाटलं होतं की नुसतं फॅड आहे. शॉक कुठला घ्यायचा हे विचारतानाच मालकाने पहिला प्रश्न केला, वजन किती आणि मागे कोण बसतं. बाकी कुठल्याही शॉपमध्ये हे कोणी विचारलं नव्हतं, सगळीकडे 'कलर कुठला, काळा का सोनेरी' एवढंच. स्प्रिंग वजनावर घ्यायची असते. मग हेल्मेट-जॅकेट घालून गाडीवर बसलो, एकाने हँडल धरलं, दुसऱ्याने टेप लावून बघितलं की माझ्या वजनाने मागची बाजू किती बसते. ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के बसायला पाहिजे, म्हणजे ८८ मधले २६-२७ एमएम. स्टॉकला ती ४० च्या पुढे बसत होती! म्हणजे मी बसल्या बसल्या निम्मं सस्पेन्शन वापरून टाकत होतो, खड्ड्याला शिल्लक राहणार काय. एकट्याचं सेटिंग आणि जोडीचं सेटिंग, दोन्ही कागदावर लिहून दिली, कुठल्या खाचेवर ठेवायचं ते.

फरक असा आहे की पहिल्याच दिवशी मोशी चौकातून निघालो आणि दहा मिनिटांत कळलं. स्पीड ब्रेकरवरून मागचं चाक एकदा वर जातं, एकदा खाली येतं, आणि संपतं, आधी तीनदा झुलायचं. ब्रेकला पुढची बाजू बसते पण सावकाश बसते. ताम्हिणीच्या वळणांत रस्ता तुटलेला असला तरी गाडी आपली रेष सोडत नाही. मी आधीपेक्षा फास्ट जातोय, आणि ही २.६ हॉर्सपॉवरची कमाल नाही, पुढच्या चाकावरचा विश्वास आहे. पॅडचं पण तसंच, ३२० एमएमची डिस्क मोठीच आहे, पॅड बदलल्यावर दोन बोटांत काम होतं, गार असताना पहिल्या एकदोन ब्रेकला मात्र थोडे कमी धरतात. बायकोचं मत एका वाक्यात, 'आता मागे बसायला येईन.' सायलेन्सरबद्दल तिचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

आता शॉपच्या तक्रारी. मला जे एस्टिमेट व्हॉट्सॲपवर आलं ते ८५,४०० चं. बिल ९५,२२०. फरक जवळजवळ दहा हजारांचा. कुठून आला? डायनो ट्यूनिंगचे ६,००० एस्टिमेटमध्ये नव्हतेच, बोलण्यात आलं होतं पण आकडा नव्हता. लेबरवरचा जीएसटी नव्हता, 'अधिक कर लागू' असं खाली बारीक अक्षरांत. आणि ते कन्झ्युमेबल्स. विचारलं यात काय काय आलं, तर म्हणे क्लीनर, ग्रीस, केबल टाय, थ्रेड लॉकर. ८५० चं ग्रीस? त्यावर मालक हसून म्हणाला, 'सगळ्यांना सेमच लावतो सर.' म्हणजे तुमच्या कामात किती लागलं याच्याशी संबंध नाही, ती एक पट्टीच आहे. मी पैसे दिले, पण सहा हजारांचं काम एस्टिमेटमध्ये न लिहिणं हे विसरणं नसतं, आकडा लहान दिसावा म्हणून ठेवलेलं असतं. काम उत्तम करणाऱ्या माणसाला असल्या हातचलाखीची गरज काय हेच मला कळत नाही.

दुसरं, वेळ. शनिवारी देतो म्हणून सांगितलेली गाडी पुढच्या आठवड्याच्या मध्यावर मिळाली. शॉक वेळेत आले नव्हते, हे मान्य, पण फोन मलाच करावा लागायचा प्रत्येक वेळी, आणि फोन उचलला की 'आत्ताच तुमचंच काम चालू आहे'. पुण्यात हे वाक्य शिंप्यापासून बिल्डरपर्यंत सगळे बोलतात, त्यामुळे त्याचं वेगळं वाईट वाटून घेतलं नाही. बसायला जागा म्हणजे एक तुटका सोफा, त्यावर कोणाच्या तरी डॉमिनारचं फेअरिंग. चहा मात्र वेळेवर.

नंतरची सर्व्हिस चांगली. काही दिवसांनी थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट यायला लागली, घेऊन गेलो, डाव्या बाजूचा क्लॅम्प थोडा ढिला बसून हवा ओढत होता. काढून नवीन सीलिंग घालून परत बसवला, पैसे नाही घेतले, उलट न सांगता पिगीबॅकच्या वायरी परत एकदा बांधून दिल्या. काढलेले सगळे जुने पार्ट पिशवीत घालून, प्रत्येकावर पट्टी चिकटवून परत दिले. हे तुम्ही पण मागून घ्याच, स्टॉक सायलेन्सर आणि शॉक विकताना गाडीसोबत लागतात.

पार्ट आपण बाहेरून आणले तर स्वस्त पडतं का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. मागचे शॉक मला ऑनलाइन दीड हजाराने कमी दिसत होते. शॉपचा नियम असा की पार्ट तुमचा असेल तर लेबर २५ टक्के जास्त आणि फिटिंगनंतर काही झालं तर पार्टची जबाबदारी नाही. आधी राग आला, मग विचार केला की हजार रुपयांच्या लेबरवर त्याचं भाडं, दोन पोरं, डायनोचा हप्ता काही निघणार नाही, त्याचा धंदा पार्टच्या मार्जिनवर चालतो. म्हणून 'लेबर फ्री' म्हणणाऱ्याकडे जरा सांभाळून, तो लेबर पार्टमध्ये घालतोच, फक्त दिसत नाही, आणि मग फुकटच्या कामाला तो अर्धा दिवस डायनोवर उभा राहील अशी अपेक्षा पण ठेवू नका. शॉक शॉपकडूनच घेतले. लहान गोष्टी, म्हणजे पॅड, फिल्टर, हे बाहेरून आणून द्यायला हरकत नाही, त्यात कोणाला फार सुटत नाही.

ज्यांचं बजेट ४० हजारांच्या आत आहे त्यांनी डोळे मिटून सस्पेन्शन करावं आणि तिथेच थांबावं. तेवढे पण नसतील तर नुसतं फोर्कचं काम आणि सॅग, चौदा-पंधरा हजारांत होतं, आणि मागच्या शॉकचं प्रीलोड आहे ते वाढवून घ्या. गाडी जरा जास्त ओढावी एवढंच हवं असेल तर पुढचं स्प्रॉकेट एक दात कमीचं लावा, पिगीबॅकच्या दशांश खर्चात पिकअप कळतो, हायवेला आरपीएम जास्त राहतो आणि पेट्रोल थोडं जास्त पितं हे धरून चाला. फक्त आवाजासाठी सायलेन्सर घ्यायचा असेल तर घ्या, पण मग पॉवरच्या नावाखाली पिगीबॅक पण गळ्यात मारून घेऊ नका. आणि पिगीबॅक घेणारच असाल तर ट्यूनिंगचे पैसे धरूनच बजेट काढा, डायनोशिवाय १७,८०० चा डबा म्हणजे अर्धं काम.

शॉपला पाचपैकी चार. एक कापला तो एस्टिमेटचा. फोर्क ऑइल त्यांनी साधारण २० हजार किलोमीटरला बदलायला सांगितलंय, तेव्हा परत त्यांच्याकडेच जाणार, फक्त या वेळी जीएसटी आणि ग्रीससकट आकडा व्हॉट्सॲपवर लिहून आल्याशिवाय किल्ली देणार नाही.